गाडीला मोठ्या आवाजाचा हॉर्न बसवायचाय? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हॉर्नबद्दलचे प्रश्न येतात ते बहुतेक दोन वेळी: नवा हॉर्न बसवण्याच्या आदल्या दिवशी, नाहीतर चलन आल्याच्या दुसऱ्या दिवशी. आदल्या दिवशी विचारणाऱ्यांची संख्या वाढावी म्हणून ही उत्तरं एका ठिकाणी लिहिली आहेत. महाराष्ट्रातल्या वाहनधारकांना डोळ्यांसमोर ठेवलं असलं, तरी यातले बरेचसे नियम देशभर तेच आहेत. का, ते प्रश्न ७ मध्ये आहे.

१. कंपनीचा हॉर्न काढून बाजारातला दुसरा बसवला तर तो गुन्हा होतो का?

नाही, निव्वळ हॉर्न बदलला म्हणून गुन्हा होत नाही. आरसी बुकात हॉर्नची नोंद नसते, त्यामुळे त्यासाठी आरटीओची वेगळी परवानगीही लागत नाही. अट एवढीच की नवा हॉर्न केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधल्या नियम ११९ मध्ये बसला पाहिजे. हा नियम दोन बाजूंनी बोलतो. एक, प्रत्येक गाडीला भारतीय मानक आयएस १८८४ प्रमाणे चालणारा हॉर्न असलाच पाहिजे. म्हणजे हॉर्न बंद पडलेली गाडी चालवणं हेही नियमबाह्यच. दोन, एकामागून एक वेगवेगळे सूर काढणारा, किंवा अवाजवी कर्कश, तीक्ष्ण, मोठा किंवा दचकवणारा आवाज करणारा हॉर्न गाडीला बसवता येत नाही. बिघडलेल्या हॉर्नच्या जागी मानकाप्रमाणे बनवलेला डिस्क किंवा ट्रम्पेट हॉर्न बसवलात तर काळजीचं कारण नाही.

२. पण कायद्यात 'प्रेशर हॉर्न' असा शब्दच नाही म्हणतात. मग बंदी कुठून आली?

शब्द नाही हे खरं. पण नियमाने एखाद्या यंत्राचं नाव धरलेलं नाही, आवाजाचा परिणाम धरलेला आहे, आणि 'इतर कोणतेही ध्वनी निर्माण करणारे साधन' असं म्हणून दार पूर्ण बंद केलेलं आहे. हवेच्या दाबावर वाजणारा, मागून वाजला की पुढच्याचा हात हँडलवरून सुटावा असा हॉर्न 'दचकवणारा' नाही, असं कुठल्या न्यायाधीशासमोर म्हणणार?

गेल्या पावसाळ्यात माझ्या डोळ्यांदेखत घडलेलं सांगतो. उताराचा रस्ता, भुरभुर पाऊस, पुढे एक साठीतले काका स्कूटरवर. पायांपाशी भाजीची पिशवी. मागून आलेल्या डंपरने अगदी जवळ येऊन प्रेशर हॉर्न दिला. काका बाजूला झाले नाहीत. दचकून त्यांनी पुढचा ब्रेक दाबला. चाक घसरलं, स्कूटर आडवी, मेथीची जुडी रस्ताभर. डंपर वेळेवर थांबला म्हणून निभावलं. डंपरवाल्याला फक्त वाट हवी होती. इशारा मिळाला की माणूस बघतो आणि सरकतो. भीती बसली की त्याचं अंग आखडतं. नियम ११९ मधला 'दचकवणारा' हा शब्द मी तेव्हापासून वेगळ्या नजरेने वाचतो.

३. नेमका किती डेसिबलपर्यंत चालतो? दुकानदार म्हणतो ११८ लीगल आहे.

दुकानदार कदाचित खोटं बोलत नसेल, पण अर्धंच सांगतोय. डेसिबलचा आकडा अंतराशिवाय निरर्थक असतो.

हॉर्न सुटा तपासतात तेव्हा मोजणी २ मीटरवर होते. गाडीवर बसवल्यानंतरची मोजणी गाडीच्या पुढे ७ मीटरवर. एआयएस-०१४ या मानकाप्रमाणे मोटारगाड्या, बस, ट्रक यांच्यासाठी ही गाडीवरची मर्यादा ९३ ते ११२ डेसिबल अशी आहे. कमी ताकदीच्या दुचाकींना खालची मर्यादा याहून कमी. किमान मर्यादाही आहे, हे लक्षात घ्या: हॉर्न ऐकू आला पाहिजे, हे कायद्यालाही हवंच आहे.

आता हिशेब. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झालं की आवाज साधारण ६ डेसिबलने उतरतो. २ मीटरवर ११८ असलेला हॉर्न ७ मीटरवर सुमारे १०७ भरतो. तो बसतो. पण खोक्यावर नुसतं '१५०' छापलेलं असेल आणि अंतर दिलेलं नसेल, तर तो आकडा गिऱ्हाइकासाठी छापलाय, मानकासाठी नाही. तोंडापासून १ मीटरवर मोजलेला आकडा ७ मीटरवरच्या आकड्यापेक्षा १७ डेसिबलने मोठा दिसतो, एवढ्यावरून अंदाज घ्या. खोक्यावर मानकाचा क्रमांक आणि मान्यतेची खूण आहे का, हे आधी पाहा, आकडा नंतर.

आणि कानांचं म्हणाल, तर कामाच्या ठिकाणी आठ तासांसाठी ८५ डेसिबल ही सुरक्षिततेची सर्वमान्य पातळी धरतात. १०० डेसिबलला हाच वेळ पंधरा मिनिटांवर येतो. दिवसभर चौकात उभा असलेला वाहतूक पोलीस किंवा गजरे विकणारी बाई यांच्यासाठी हा हिशेब कागदावरचा नाही.

४. माझ्या कारला हाय आणि लो असे दोन हॉर्न आहेत. हा 'मल्टिटोन' झाला का?

नाही. बंदी आहे ती सूर *एकामागून एक* बदलण्यावर. तुमचे दोन्ही हॉर्न एकदम वाजतात, साधारण ४०० आणि ५०० हर्ट्झच्या आसपास, आणि मिळून एकच भरीव आवाज होतो. कित्येक गाड्या कारखान्यातूनच अशी जोडी घेऊन येतात. तेच दोन हॉर्न फ्लॅशरला जोडून आळीपाळीने 'पीं-पां-पीं-पां' वाजवले की मात्र ते बंदीत आले. हॉर्न तेच, जोडणीने कायदा बदलला.

५. प्रेशर हॉर्न लावलाय, पण वेगळ्या बटणावर आहे. गावात साधाच वाजवतो, हायवेलाच तो वापरतो. चालेल?

चालणार नाही. सगळ्यात जास्त गैरसमज इथेच आहे. नियम ११९ 'वाजवू नये' म्हणत नाही, 'बसवू नये' म्हणतो. गाडी बंद अवस्थेत पार्किंगला उभी असतानाही तो हॉर्न गाडीवर असणं हाच भंग. डॅशबोर्डखाली लपवलेलं बटण उपयोगाचं तर नाहीच, उलट तुम्हाला हे चुकीचं आहे ते माहीत होतं, एवढं मात्र त्यावरून दिसतं.

हायवेचा मुद्दा मी समजू शकतो. ताशी ८० च्या वेगात, काचा बंद, आत गाणी. पुढच्याला साधा हॉर्न ऐकू जात नाही, ही तक्रार खरी आहे. त्यावर उपाय आहेत: अप्पर-डिपर आधी, अंतर राखून, आणि जुना, गंजलेला हॉर्न बदलून मानकातलाच चांगला ट्रम्पेट. पुष्कळदा हॉर्न नव्हे, त्याचा अर्थिंगचा जोड खराब झालेला असतो. तो घासून साफ केला की आवाज परत येतो.

६. पकडलं तर दंड किती?

एकच कलम नाही, म्हणून चलनावर कलम कोणतं लिहिलंय ते आधी वाचा.

विनाकारण, सतत किंवा गरजेपेक्षा जास्त हॉर्न वाजवला, किंवा 'हॉर्न वाजवू नये' असा फलक असलेल्या ठिकाणी वाजवला, तर मोटार वाहन कायद्याचं कलम १९४-एफ. पहिल्यांदा १,००० रुपये, पुन्हा केल्यास २,०००. सायलेन्सर टाळून कटआऊटमधून धूर सोडणाऱ्या गाड्याही याच कलमात येतात. हे कलम २०१९ च्या सुधारणेने आलं.

आवाजाच्या मानकांचा भंग करणारी गाडी रस्त्यावर आणली तर कलम १९०(२): पहिल्या गुन्ह्याला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा १०,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही, *आणि* तीन महिन्यांसाठी लायसन्स धारण करण्यास अपात्रता. लोक दंडाकडे बघतात. ज्याचं पोट गाडीवर आहे त्याने या शेवटच्या भागाकडे बघावं.

मालकाने गाडीत नियमबाह्य बदल केला तर कलम १८२-ए(४): प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये, किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही.

७. गोव्यात एक दंड, आपल्याकडे वेगळा, असं का? प्रत्येक राज्याचा हॉर्नचा कायदा निराळा आहे का?

मूळ कायदा एकच. मोटार वाहनं हा समवर्ती सूचीतला, म्हणजे केंद्र आणि राज्य दोघांनाही कायदे करता येतात असा, विषय आहे आणि हॉर्न कसा असावा, हे केंद्राच्या नियमांनी ठरवलंय. कोल्हापुरात बेकायदा असलेला हॉर्न हद्द ओलांडून बेळगावात गेल्यावर कायदेशीर होत नाही.

राज्याच्या हातात आहे ते तडजोड शुल्क, म्हणजे कोर्टात न जाता जागेवर किंवा ई-चलनाने भरायची रक्कम. कलम २०० प्रमाणे ती प्रत्येक राज्य ठरवतं. २०१९ च्या सुधारणेनंतर काही राज्यांनी लगेच नवे दर लावले, गुजरातसारख्यांनी ते कमी करून लावले. महाराष्ट्राने सुधारित दर डिसेंबर २०२१ मध्ये लागू केले. त्यामुळे प्रश्न ६ मधला आकडा आणि तुमच्या चलनावरची रक्कम जुळली नाही, तर ती लगेच चूक समजू नका. जिथे पकडलं तिथला दर लागतो. नंबरप्लेट एमएच आहे की केए, याचा संबंध नाही. शांतता क्षेत्रं ठरवणं हेही राज्याचं काम (प्रश्न १३).

८. गाडी मालकाची, हॉर्न ड्रायव्हरने लावला, बसवला गॅरेजवाल्याने. दंड कोणाला?

वाजवण्याचा गुन्हा चालवणाऱ्याचा. कलम १९०(२) मात्र चालवणाऱ्याबरोबर तशी गाडी 'चालवू देणाऱ्यालाही' धरतं, आणि बदलाचं कलम १८२-ए(४) थेट मालकावर आहे. 'ड्रायव्हरने परस्पर लावला' हे मालकाने म्हणून भागत नाही. गाडी महिन्यातून एकदा स्वतः बघायला हवी. 'मालकानेच लावून दिला' हे ड्रायव्हरने म्हणूनही भागत नाही. गॅरेजवाला पैसे घेऊन मोकळा होतो आणि चलन गाडीच्या नंबरवर येतं, म्हणून बसवायच्या आधीच नाही म्हणा.

९. पासिंगला हॉर्न बघतात का? पीयूसीला?

पीयूसी फक्त धुराची. हॉर्न तिथे बघत नाहीत. व्यावसायिक गाड्यांच्या पासिंगला, म्हणजे फिटनेसला, हॉर्न बघतात. नवी गाडी आठ वर्षांची होईपर्यंत दर दोन वर्षांनी, पुढे दरवर्षी. पासिंगच्या आदल्या दिवशी प्रेशर हॉर्न काढायचा आणि दुसऱ्या दिवशी लावायचा, हा प्रकार सगळ्यांना ठाऊक आहे. पण फिटनेसचं प्रमाणपत्र हॉर्नला संरक्षण देत नाही. रस्त्यावर तपासणी झाली की गाडी त्या दिवशी जशी आहे तशीच धरली जाते.

१०. ट्रकमध्ये हवेची टाकी आहेच. तिच्यावरूनच हॉर्न घेतला तर नुकसान काय?

कायदा क्षणभर बाजूला ठेवा. ती हवा ब्रेकची आहे.

मोठ्या गाड्यांत कॉम्प्रेसर हवा भरतो, वाटणी करणारा व्हॉल्व्ह ती पुढच्या ब्रेकला, मागच्या ब्रेकला, हँडब्रेकला आणि इतर कामांना वेगवेगळी देतो. एका वाटेला गळती लागली तरी बाकीच्या शाबूत राहाव्यात, यासाठी ही रचना. रस्त्याकडेचा फिटर मात्र हाताला लागेल त्या पाईपवर 'टी' जोड टाकतो. तो पाईप ब्रेकच्या टाकीचा असला, तर उतारावर एकीकडे ब्रेक आणि दुसरीकडे हॉर्न, दोघंही त्याच हवेवर जगतात. स्वस्त सोलेनॉइड (हॉर्नला हवा सोडणारा विजेवरचा व्हॉल्व्ह) काही महिन्यांत झिरपायला लागतो. सकाळी गाडी सुरू केल्यावर हवा भरायला नेहमीपेक्षा जास्त वेळ लागतोय, कमी हवेचा बझर लांबतोय, असं दिसलं तर पहिला संशय त्या जोडावर घ्या. साबणाचं पाणी लावा, बुडबुडे दिसतील.

११. बाइकला कारचा हॉर्न लावला तर?

आवाज मर्यादेत असेल तर कायद्याची अडचण नाही. अडचण वायरिंगची. कारच्या हॉर्नची जोडी आठ-दहा अँपिअर ओढते. बाइकचं बटण आणि बारीक वायर तेवढ्यासाठी बनलेली नसते. आधी बटण चिकटतं, मग वायर वितळते. रिले, म्हणजे बटणाच्या थोड्याशा करंटवर हॉर्नचा मोठा करंट चालू-बंद करणारा स्विच, लावाच. बॅटरीपासून फ्यूजमधून रिलेच्या ३० नंबरच्या पिनला, ८७ वरून हॉर्नला. जुन्या हॉर्नच्या दोन वायरी ८५ आणि ८६ ला. फ्यूज बॅटरीच्या जवळ. आणि वॉरंटीतल्या गाडीची मूळ वायर कापू नका: पुढे शॉर्टसर्किट झालं की वॉरंटी आणि विमा, दोन्हीकडे पहिलं बोट त्या कापलेल्या वायरीकडे जातं.

१२. रात्री हॉर्न वाजवायला बंदी आहे का?

निवासी भागात आहे. ध्वनिप्रदूषण (नियमन व नियंत्रण) नियम, २००० मध्ये २०१० साली नियम ५-ए घातला गेला. त्याप्रमाणे रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत निवासी भागात हॉर्न वाजवता येत नाही; अपवाद सार्वजनिक आणीबाणीचा. सर्वोच्च न्यायालयाने हेच १८ जुलै २००५ च्या निकालात सांगितलं होतं. इथे हॉर्न साधा आहे की मोठा, हा प्रश्नच येत नाही. रात्री साडेअकराला सोसायटीच्या गेटसमोर वॉचमनला उठवायला दिलेला हॉर्न कंपनीचा असला तरी तो भंगच आहे. खाली उतरून गेट वाजवा, फोन करा.

१३. हॉस्पिटलसमोर फलक नव्हता, तरी चलन आलं. हे बरोबर आहे का?

इथे दोन कायदे एकमेकांत गुंततात.

ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणे रुग्णालयं, शिक्षणसंस्था आणि न्यायालयं यांच्याभोवती किमान १०० मीटरचा भाग शांतता क्षेत्र ठरवता येतो. तिथली मर्यादा दिवसा ५० आणि रात्री ४० डेसिबल, आणि सार्वजनिक आणीबाणी सोडली तर हॉर्नला मनाई. २०१७ च्या दुरुस्तीनंतर असा भाग राज्य सरकारने जाहीर केल्याशिवाय शांतता क्षेत्र ठरत नाही. कलम १९४-एफ मात्र फलकाबद्दल बोलतं.

म्हणून फलक नसेल, तर 'फलक असूनही वाजवला' हा आरोप टिकायला नको. पण त्याच कलमात 'विनाकारण वाजवला' हा वेगळा आरोप आहे, आणि त्याला फलक लागत नाही. चलनावर काय लिहिलंय ते बघून, त्या जागेचा तारीख-वेळ दिसेल असा फोटो लगेच काढून, ई-चलनाच्या पोर्टलवर तक्रार नोंदवा. तक्रार करायची असेल तर आधी पैसे भरू नका. भरले की तुम्ही तडजोड मान्य केली असा अर्थ होतो.

१४. घाटातल्या आंधळ्या वळणावर तरी वाजवायचा ना?

वाजवायचाच. काही वळणांवर तर निळ्या गोलात हॉर्नचं चित्र असतं. तो सक्तीचा फलक आहे, म्हणजे तिथे न वाजवणं चूक. वळणाच्या आधी एकदा, स्पष्ट, आणि मग कान उघडे ठेवून समोरच्याचं उत्तर ऐका. वळणभर बटण दाबून धरलं तर समोरून आलेला हॉर्न तुम्हालाच ऐकू येत नाही. रात्री दिवे जास्त कामाचे. लाल गोलात तिरपी रेघ मारलेला हॉर्न म्हणजे मनाई. दोन फलकांत गल्लत करू नका.

१५. सायरन किंवा हूटर कोणाला लावता येतो?

नियम ११९(३) मध्ये यादी आहे: रुग्णवाहिका, अग्निशमन आणि बचावकार्याची वाहनं, कर्तव्यावरची पोलीस आणि मोटार वाहन विभागाची वाहनं, बांधकाम यंत्रवाहनं. त्यांनाही नोंदणी अधिकाऱ्याने मान्य केलेलाच आवाज. यात पदाधिकारी नाहीत, सुरक्षारक्षकांच्या खासगी गाड्या नाहीत, लग्नाची वरात नाही. सर्वोच्च न्यायालयाने १० डिसेंबर २०१३ रोजी हे पुन्हा ठणकावलं.

खऱ्या रुग्णवाहिकेला वाट न देणं हा कलम १९४-ई खाली १०,००० रुपये दंडाचा किंवा सहा महिन्यांपर्यंत कैदेचा किंवा दोन्हींचा गुन्हा आहे. ज्याच्या-त्याच्या गाडीवर हूटर दिसायला लागले की लोक मागे वळून बघायचंच सोडतात. मग आतला पेशंट अडकतो. हूटर हौसेची वस्तू नाही, हे मी एवढ्या जोर देऊन सांगतो ते यासाठी.

१६. रिव्हर्सला गाणं वाजतं. तेही बंदीत?

माझ्या मते हो. नियम पुढचा-मागचा असा भेद करत नाही आणि धून म्हणजे एकामागून एक येणारे सूरच. एकसुरी 'बीप-बीप' ठेवा. मागे उभ्या असलेल्या पोराला गाण्यापेक्षा तीच लवकर कळते.

१७. ट्रकच्या मागे 'हॉर्न ओके प्लीज' लिहिलंय. मग वाजवायला परवानगीच झाली ना?

नाही. महाराष्ट्राच्या परिवहन विभागाने २०१५ मध्ये व्यावसायिक वाहनांवर हे लिहायलाच मनाई केली, कारण त्याने उगाच हॉर्न वाजवायला प्रोत्साहन मिळतं. रंगवलेली पाटी कायद्याच्या वरची नाही.

१८. पोलिसाकडे डेसिबल मीटर नव्हता. चलन रद्द होईल?

त्या एकाच कारणाने होईल असं धरून चालू नका. म्युझिकल किंवा मल्टिटोन हॉर्न ओळखायला मीटर लागत नाही, कान पुरतात. 'विनाकारण वाजवला' यालाही आकडा लागत नाही. आकड्याचा आधार घेऊन मानकभंगाचं कलम लावलं असेल, तर मात्र कोणत्या यंत्राने, किती अंतरावरून, आजूबाजूची रहदारी चालू असताना की थांबलेली असताना मोजलं, हे विचारण्याचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे. कंपनीचाच हॉर्न असूनही चलन आलं असेल, तर हॉर्नवरच्या छापील क्रमांकाचा फोटो आणि सर्व्हिस सेंटरचं पत्र जोडा.

१९. मुंबईत हॉर्न वाजवला की सिग्नल लाल राहतो, ते अजून आहे का?

तो मुंबई पोलिसांनी काही चौकांत केलेला प्रयोग होता, जानेवारी २०२० मध्ये गाजलेला. आवाज ८५ डेसिबलच्या वर गेला की सिग्नलचे सेकंद पुन्हा पहिल्यापासून सुरू व्हायचे. तो कायदा नव्हता. त्या ८५ चा आणि प्रश्न ३ मधल्या हॉर्नच्या मर्यादेचा संबंध लावू नका: तिथे एका गाडीचा हॉर्न नव्हे, सगळ्या चौकाचा गोंगाट मोजला जात होता.

२०. जुना ट्रक घेतोय. प्रेशर हॉर्न आधीपासूनच लागलेला आहे. जबाबदारी कोणाची?

गाडी रस्त्यावर आणल्या दिवसापासून तुमची. 'घेतला तेव्हापासूनच होता' याने कलम १९०(२) चुकत नाही. सौदा ठरताना विकणाऱ्याकडूनच काढून घ्या, आणि नुसता भोंगा नव्हे: सोलेनॉइड, बटण, पाईप, 'टी' जोड सगळं. उघडी पडलेली हवेची वाट नीट प्लग लावून बंद करायला सांगा, टाकी भरून इंजिन बंद करा आणि अर्धा तास दाबाचा काटा बघत बसा. काटा जागचा हलला नाही की मग पैसे द्या.